लहान चादरींचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागातला हा माग. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या खडखडाटात चादर उतरतेय. तिची नक्षी जगाला माहीत आहे. आज तिचा आकार पाहू.

हीच चादर लांबी-रुंदीचं प्रमाण राखून जराशी लहान विणली, तर मोठी चादर पूर्ण झाकायला अशा कमीत कमी किती लागतील? सरकवायला मुभा, फिरवायला नाही. उत्तर आहे चार. लहान चादर दोराभरच कमी असली, तरी चाराखाली भागत नाही. मोठीचे कुठलेही दोन कोपरे एकीखाली यायचे, तर तिची लांबी किंवा रुंदी मोठीइतकीच हवी. म्हणून कोपऱ्याला एक.

वर्तुळाला तीन पुरतात. त्रिकोणालाही तीन. खरं तर समांतरभुज चौकोन सोडला, तर सपाटीवरच्या प्रत्येक बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेल्या, आकाराला तीनच.

हे 1955 मध्ये सिद्ध केलं गणितज्ञ फ्रेडरिक लेव्ही यांनी. ज्यू म्हणून नाझी राजवटीत त्यांची जर्मनीतल्या लाइपझिगची नोकरी गेली. 1935 मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात आले, 1948 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. 1952 मध्ये ते जर्मनीला परतले. आपल्याकडे इतकी वर्षं शिकवलेल्या या माणसाचं नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवं.

1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या ह्यूगो हॅडविगर यांनी हाच प्रश्न सगळ्या मितींसाठी (मिती म्हणजे लांबी, रुंदी, उंची अशा स्वतंत्र दिशा) मांडला. मिती n असेल, तर कुठल्याही बहिर्वक्र आकाराला 2 चा n वा घात इतक्या लहान प्रती नेहमी पुरतील का? घनाला तेवढ्या लागतातच, कारण त्याचे कोपरेच तेवढे. 100 मितींतला गोळा 101 प्रतींत झाकला जातो; घनाला मात्र 2 चा 100 वा घात! कोपऱ्यांची ही ताकद मला थक्क करते.

पण इतकं लांब जायला नको. आपण राहतो त्या तीन मितींतच गाडी अडली आहे. अंदाज आहे आठचा. केंद्राभोवती सममित, म्हणजे केंद्राच्या समोरासमोरच्या बाजूंना सारख्याच असलेल्या, आकारांसाठी आठ पुरतात, हे लासाक यांनी 1984 मध्ये दाखवलं. बाकीच्यांसाठी 1999 मध्ये पापादोपेराकिस 16 पर्यंत पोहोचले, 2021 मध्ये आंद्री प्रिमाक 14 पर्यंत. नववी प्रत खरोखर लागेल असा एकही आकार आजवर कुणाला सापडलेला नाही. ती कधीच लागणार नाही, याची सिद्धताही कुणाकडे नाही.