पहार वाजते तिथून

(पहाट. अंगण. पहारीचा आवाज.)

ऐका. वीतभर माती, मग मुरूम, आणि मग हा ठण्ण. वेताळ टेकडीच्या पायथ्याला, गोखलेनगरमध्ये, माझ्या मावशीचं अंगण आहे. बारा फूट रुंद, वीस फूट लांब. फूटभर खाली काळा कातळ.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. ही त्यातलीच एक. मावशीच्या सासऱ्यांना शनिवार पेठेतल्या गाळातून जे थोडं हाती लागलं, त्यात एक पाटा होता. तो आता तुळशीखाली आहे. मावशी म्हणते, "अंगणाचं काहीही कर, तो हलवायचा नाही."

तीन वर्षांपूर्वी मावशीनं बाग करायची ठरवली आणि सगळ्यांकडून होते तीच चूक तिच्याकडूनही झाली. आधी रोपं आणली. बारा गुलाब, चार मोगरे. कातळ फोडून खड्डे घेतले, लाल माती भरली, लावले. जुलैत पानं पिवळी पडली, ऑगस्टमध्ये मुळं कुजली. कारण साधं होतं. कातळात खणलेला खड्डा हा खड्डा नसतो, हौद असतो. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. आम्ही रोपं बुडवून मारली होती.

(दोघं जण पारदर्शक नळी धरून उभे.)

दुसऱ्या वर्षी हातात आठ हजार रुपये होते. या खेपेला रोपांचं नावही काढायचं नाही असं ठरलं. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेतली, दोन टोकांची पातळी पाहिली. पाणी घराच्या पायाकडे वळत होतं! मुरूम इकडचा तिकडे करून वीस फुटांना तीन इंच उतार काढला. हे काम दिसत नाही. कोणी त्याचा फोटो काढत नाही. पण माझं मत पक्कं आहे, पैसे कमी असतील तर पहिला दिवस उतारालाच द्यावा.

मग वाफा. खाली जाता येत नाही, तर वर जायचं. खड्ड्यांतून निघालेले दगड कुंपणालगत रचले, सिमेंट न लावता, गावाकडे शेताला ताल, म्हणजे दगडी बांध, घालतात तसे. वाफा वीस फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ६० घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, तेव्हा नुसती माती भरायची तर अर्ध्या ब्रासहून जास्त लागली असती. आम्ही २० घनफुटांत भागवलं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड, त्यावर पाला, मग शेणखत आणि माती.

चिपाड आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं, नाहीतर गोडीला मुंग्या लागतात. पाला रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांचा. पान बारीक, लवकर कुजतं. झाडणारे लोक तो पोत्यांत भरून ठेवतात, मागितला तर आनंदानं देतात. टेकडीवरचा पाला मात्र आणू नये. तो टेकडीच्या मातीचा आहे.

भरलेला वाफा महिनाभर तापतो. हात घालून पाहा, आत ऊब लागते. ती निवाल्यावरच लावणी करायची. पावसाळा संपेपर्यंत वाफा बराच खाली बसतो, दरवर्षी वर भर घालावी लागते.

अर्धे पैसे इथं संपले. उरलेल्यात दोनशे लिटरचा जुना पिंप आणि पन्हळ. पत्रा ३०० चौरस फुटांचा आहे. एक इंच पाऊस पडला की त्यावरून सुमारे ७०० लिटर पाणी उतरतं. पिंप भरून वाहायला लागला की पाणी चरातून वाफ्याकडे. आता मावशी गांडूळखताचा हौदही बांधणार आहे. गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं, सौरऊर्जा यांपैकी एक असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १०.

पायवाट शहाबादी फरशीची. शेजारी घर दुरुस्त करत होते, जुनी फरशी राडारोड्यात निघाली होती. तुकडे मुरमावर बसवले, मधल्या फटी तशाच सोडल्या, पाणी मुरावं म्हणून.

मावसभावाला लॉन हवं होतं. मावशीनं नाही म्हटलं आणि ती बरोबर होती. एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची ओढ असताना रोज गवत भिजवायचं कुठून? मधली जागा मोकळी ठेवली. मुरूम ओला करून धुम्मसानं चोपला, वर शेणाचं सारवण. संध्याकाळी तिथं चटई पडते.

(पाऊस. वाफ्यात हिरवं.)

आणि रोपं? विकत फक्त दोन आणली, कागदी लिंबू आणि मोगरा. बाकी सगळं मागून. जास्वंद आणि तगरीच्या फांद्या पाऊस सुरू होताच खोचल्या. चाफ्याची फांदी आठवडाभर सावलीत ठेवली, चीक सुकू दिला, मग लावली. गुलबक्षीच्या काळ्या बिया समोरच्या आजींनी पदरात बांधून आणल्या. कढीपत्त्याचं पिल्लू मागच्या गल्लीतून. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ.

परवा शेजारची मुलगी सोनटक्का मागायला आली. मावशीनं गड्डा उकरला, त्याचे दोन तुकडे केले, एक वर्तमानपत्रात गुंडाळला.

"कोंब वर ठेव. आणि आधी बघ गं, तुमच्याकडं पाणी कुठं साचतं ते."