बागेतले चित्रप्रदर्शन आणि उघड लिहिलेली किंमत

(कोल्हापुरातील चित्रकार, कलाशिक्षक आणि नागरिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

बागेत चित्रे मांडायची ही कल्पना कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' ही संस्था अनेक वर्षे 'मैफल रंगसुरांची' भरवत आली आहे. झाडांच्या सावलीत चित्रकार लोकांसमोर निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे रंगवतात, शिल्पकार मातीत समोरच्याचा चेहरा उभा करतात आणि त्यांच्या शेजारी गाणे चालू असते. कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपटकार मास्टर बाबूराव पेंटर १६ जानेवारी १९५४ रोजी गेले. त्यांच्या स्मृतीशी ही मैफल जोडलेली आहे. चित्र कसे घडते हे पाहायला मुलांना घेऊन येणारी माणसे या गावात आहेत, ही मोठीच जमेची बाजू आहे. मला आज त्याच्या पुढच्या पायरीविषयी बोलायचे आहे. प्रात्यक्षिक पाहून, टाळ्या वाजवून आणि चित्रकाराचे कौतुक करून घरी परतणाऱ्या माणसाने त्यांतले एखादे चित्र विकत घेऊन घरी न्यावे, यासाठी आपण काय करतो? माझ्या मते पुरेसे करत नाही, आणि बागेतले प्रदर्शन हे उघडपणे विक्रीचे प्रदर्शन असले पाहिजे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

विक्री म्हटले की आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होते. कला आणि बाजार यांत अंतर असावे, असे शिकून आपण मोठे झालो. परंतु कोल्हापूरच्या चित्रकलेचा इतिहास या शिकवणुकीला दुजोरा देत नाही. बाबूराव मेस्त्री या तरुणाचे नाव 'पेंटर' झाले ते कामामुळे. आनंदराव पेंटर आणि बाबूराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. राजवाडे, रस्ते आणि अरण्ये रंगवलेले हे पडदे तिकीट काढून आलेला सामान्य प्रेक्षक रात्रभर पाहत असे. पुढे बाबूरावांनी 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली, तेव्हा आपल्या चित्रपटांची पोस्टरे त्यांनी स्वतः रंगवली, आणि ती भिंतींवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेपुढे लागली. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तालमीतल्या पैलवानांची चित्रे काढली, आणि घराघरांतल्या आजोबा-पणजोबांच्या फिकट छायाचित्रांवरून मोठी व्यक्तिचित्रे करून दिली. ती व्यक्तिचित्रे आजही अनेक वाड्यांच्या सोप्यात टांगलेली आहेत. याचा अर्थ असा, की चित्रासाठी पैसे मोजणारा सामान्य माणूस या गावाला नवा नाही. तो चित्रापासून दुरावला, कारण फ्लेक्स आला, छपाई स्वस्त झाली आणि व्यक्तिचित्राची जागा मोबाइलवरच्या फोटोने घेतली. चित्रकारही हळूहळू बंद दाराआडच्या दालनांत गेला. त्या माणसाला परत बोलवायचे असेल, तर तो जिथे रोज येतो तिथे गेले पाहिजे.

दुसरे उदाहरण आबालाल रहिमान यांचे आहे, आणि ते मला अस्वस्थ करते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा विलक्षण चित्रकार कोल्हापुरात परतला, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ या परिसरात त्यांनी प्रकाशाचा जो अभ्यास केला, तो पाहिल्यावर आजही आपण थबकतो. महाराज १९२२ मध्ये गेले. आबालाल १९३१ मध्ये गेले. त्यांनी हजारो चित्रे काढली, असे परंपरेने सांगितले जाते. आपली चित्रे त्यांनी कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशीही आख्यायिका आहे. आख्यायिकेची शहानिशा करणे हा आजचा विषय नाही. आज त्यांची पाहायला मिळणारी चित्रे थोडी आहेत, एवढे मात्र खरे. एका राजाने एका कलावंताला सांभाळले, याचे मोल मी कमी करत नाही. त्या काळी दुसरा मार्गही फारसा नव्हता. परंतु तीच चित्रे शेकडो घरांत विखुरली असती, तर काही गहाळ झाली असती, काहींना वाळवी लागली असती, आणि तरीही आज आपल्या हाती कितीतरी अधिक उरली असती, असे मला वाटते. छोट्या किमतीत अनेकांनी घेतलेली चित्रे हा कलावंताचा चरितार्थ असतोच, शिवाय तो त्याच्या कामाचा विमाही असतो.

उघड्यावर चित्रे विकण्याचे प्रयोग इतरत्र टिकले आहेत, आणि त्यांतले दोन आपल्या उपयोगाचे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेच्या आसपासच्या पदपथांवर भरणारे प्रदर्शन १९३०च्या दशकातल्या महामंदीत सुरू झाले. जॅक्सन पोलॉक या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चित्रकाराने पैशांच्या नडीपायी आपली चित्रे तिथे रस्त्याच्या कडेला आणून ठेवली, अशी त्या प्रदर्शनाची जन्मकथा सांगतात. आपल्या अधिक जवळचे उदाहरण बंगळुरूचे आहे. कर्नाटक चित्रकला परिषद ही संस्था २००३ पासून जानेवारीत 'चित्र संते', म्हणजे चित्रांचा बाजार, भरवते. कुमारकृपा रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो, देशभरातून चित्रकार येतात, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या छोट्या चित्रापासून लाखाच्या कॅनव्हासपर्यंत सर्व काही एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात मांडलेले असते. मला त्यातली ही समानता फार मोलाची वाटते. नावाजलेला चित्रकार आणि कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी शेजारी-शेजारी उभे असतात, आणि खरेदीला आलेला माणूस आपल्या डोळ्यांनी ठरवतो.

मुंबईतही जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि त्याच दालनाबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. आत येणाऱ्यांपेक्षा बाहेरून जाणारे कितीतरी अधिक असतात. आपल्याकडे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचे कलादालन आहे, आणि तिथली प्रदर्शने व्हायलाच हवीत; चित्र एकाग्रतेने पाहण्यासाठी भिंत आणि शांतता लागते. परंतु दालनात जाण्यासाठी माणसाला आधी ठरवावे लागते. बागेत तो सकाळी फिरायला आलेला असतो, नातवाला घसरगुंडीवर सोडून बाकावर बसलेला असतो, आणि चित्र त्याला न ठरवता भेटते. शिवाय खासगी दालने विक्रीवर जे कमिशन घेतात, ते बागेत द्यावे लागत नाही. तो वाचलेला पैसा किंमत खाली आणण्यासाठी वापरता येतो.

आता किमतीकडे येतो, कारण सगळे इथेच अडते. चित्राखाली शीर्षक लिहिलेले असते, माध्यम लिहिलेले असते, आणि किमतीच्या जागी काहीच नसते. चित्रकाराला वाटते, की विचारणाऱ्याला सांगू. पाहणाऱ्याला वाटते, की विचारले आणि परवडले नाही तर अवघड होईल. म्हणून तो विचारतच नाही, "छान आहे" म्हणतो आणि पुढे जातो. या मौनात दोघांचेही नुकसान होते. म्हणून माझा आग्रह आहे, की बागेतल्या प्रत्येक चित्राखाली किंमत मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असावी, आणि प्रत्येक चित्रकाराने काही कामे तरी अशी ठेवावीत, की पहिल्यांदाच चित्र घेणाऱ्याला ती सहज घेता येतील: पोस्टकार्डाच्या आकाराची जलरंगातली निसर्गचित्रे, पेनातली रेखाटने, लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेले, ठसे. ठशांचा एक फायदा असा, की एकाच कोरीव पाटीवरून मोजक्या प्रती काढता येतात आणि प्रत्येक प्रत कलावंताच्या हातचीच असते. त्यावर अनुक्रमांक आणि सही असली पाहिजे. चित्राची यंत्रावर छापलेली प्रत मात्र मूळ चित्र म्हणून कधीही विकू नये. 'ही छापील प्रत आहे' असे त्यावर लिहावे. एकदा गेलेला विश्वास परत मिळत नाही.

घासाघीस होईल, हे गृहीत धरावे. बाजारात आलेला माणूस भाव करतो, यात त्याचा उर्मटपणा नसतो, ती त्याची सवय असते. अशा वेळी रागावण्यापेक्षा कागद कोणता, काम कुठे बसून केले, रंगाचे थर कसे चढवले हे त्याला शांतपणे सांगावे. पंचगंगेच्या घाटावर सकाळच्या धुक्यात बसून केलेले चित्र आहे, हे कळल्यावर त्याच घाटावर रोज जाणाऱ्या माणसाची नजर बदलते.

बागेच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे, कारण बाग ही आपल्या प्रदर्शनाची भिंत नाही. झाडाच्या बुंध्याला खिळा ठोकून किंवा तार आवळून चित्र टांगायचे नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि तो नसता तरी हे करू नये. बांबूच्या चौकटी, त्यांना ताणून बांधलेले तरट किंवा जाड कापड, आणि पायाशी वाळूच्या पिशव्या एवढ्यात काम भागते. पिशव्या विसरलात तर वाऱ्याच्या एका झोताने सगळी रांग आडवी होते. हिरवळीवर चौकटी रोवण्याऐवजी पायवाटेच्या कडेने मांडाव्यात. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि संध्याकाळी निघताना दोऱ्याचा तुकडाही मागे राहू देऊ नये. रोज झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला मांडणीच्या वेळी बोलवावे. पाणी कुठे साचते, ऊन कुठून कसे सरकते, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते.

उन्हाचा विचार फार काळजीने करावा लागतो. जलरंगातले काही रंग, विशेषतः काही किरमिजी आणि गुलाबी छटा, थेट उन्हात फिकट होत जातात, आणि हे नुकसान भरून येत नाही. एका दिवसाने फारसे बिघडत नाही, पण तेच चित्र दर महिन्याला उन्हात ठेवले तर नक्कीच बिघडते. म्हणून जलरंग दाट सावलीत, आणि तैलरंग किंवा ॲक्रिलिक त्या मानाने मोकळ्या जागी ठेवावेत. पहाटे दव असते, तेव्हा कागदावरची कामे ऊन वर आल्यावरच बाहेर काढावीत. ओल धरलेला कागद लाटांसारखा उठतो आणि काचेला चिकटतो. कोल्हापूरचा पावसाळा आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस लक्षात घेता, डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने सोयीचे.

विक्री झाल्यावर पावती द्यायची. इथे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला, असे होत नाही. लेखी करार करून तो दिला नसेल, तर तो चित्रकाराकडेच राहतो. विकत घेणाऱ्याला ते चित्र भिंतीवर लावता येते, पण त्याची कॅलेंडरे छापता येत नाहीत. त्याच कायद्यातल्या ५३ अ या कलमात असेही म्हटले आहे, की मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला झाली, तर मूळ कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागण्याचा हक्क आहे. हा हक्क बजावायचा तर चित्र आपले आहे, ते कधी आणि कोणाला विकले, याचा कागद हवा. पावतीवर चित्राचे शीर्षक, आकार, माध्यम, वर्ष, किंमत आणि चित्रकाराची सही असावी, आणि चित्राच्या मागेही तोच मजकूर पेन्सिलीने लिहिलेला असावा.

शेवटची सूचना नोंदवहीची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रदर्शनातून गेलेल्या प्रत्येक चित्राचा फोटो, आणि घेणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव आणि पत्ता, एका वहीत उतरवून ठेवावे. ती वही कोणा एका चित्रकाराच्या घरी न ठेवता संयोजकांच्या दप्तरात राहावी आणि दरवर्षी पुढच्या संयोजकांच्या हाती द्यावी. उद्या एखाद्या चित्रकाराच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन करायचे ठरले, तर कोणाच्या सोप्यात कोणते चित्र आहे हे कळेल, आणि ती माणसे आपले चित्र आठवडाभरासाठी आनंदाने देतील. वही नव्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावी, आणि पहिली विक्री झाली की लगेच पहिल्या पानावर तिची नोंद करावी.