शाईच्या दौतीतून निघालेला विदूषक

आत्ता पडद्यावर जो विदूषक आपण पाहिला, त्याच्या चालण्याकडे लक्ष दिलंत का? त्या काळातली इतर कार्टून्स रबरी नळीसारखी वळवळतात. हा कोको मात्र माणसासारखा पाय टाकतो, कारण तो माणूसच आहे. अमेरिकेतला कार्टूनकार मॅक्स फ्लायशर याने आपल्या भावाला, डेव्हला, विदूषकाचा झगा घातला, गच्चीवर नाचायला लावलं आणि चित्रण केलं. मग त्या फिल्मची एकेक चौकट काचेवर खालून पाडून वर कागद ठेवून गिरवली. या यंत्राचं नाव रोटोस्कोप. पेटंटचा अर्ज 1915चा, पेटंट मिळालं 1917मध्ये. जेमतेम मिनिटभराच्या पहिल्या तुकड्याला जवळजवळ वर्ष गेलं.

मॅक्सचा जन्म 1883चा, आजच्या पोलंडमधल्या क्रॅकोचा. वडील शिंपी. कुटुंब न्यूयॉर्कला आलं तेव्हा तो चार-पाच वर्षांचा होता. पुढे तो विज्ञानाच्या एका लोकप्रिय मासिकात चित्रविभाग सांभाळायचा, आणि मला वाटतं, तो शेवटपर्यंत तसाच राहिला: चित्रकारापेक्षा यंत्रांत रमणारा. डिस्नेकडे गोष्ट आधी यायची. इथे, फ्लायशर भावांच्या स्टुडिओत, आधी एखादी युक्ती सुचायची आणि मग तिच्यासाठी गोष्ट शोधली जायची. पडद्यावर गाण्याचे शब्द आणि त्यांवरून उड्या मारत जाणारा चेंडू, प्रेक्षकांनी त्या तालावर गायचं, हेही यांचंच. आजच्या कराओकेचा आजोबा म्हणा ना. 1926मध्ये यांच्या एका गाण्याच्या कार्टूनमध्ये कुत्रा ओठ हलवून बोलला होता. मिकीचं गाजलेलं बोलकं कार्टून आलं 1928च्या नोव्हेंबरात. पण पहिलेपणाचा मान कोणाला मिळाला, हे तुम्हाला माहीतच आहे.

यांची नखरेल कार्टून-नायिका बेटी बूप 1930मध्ये आली तेव्हा तिला कुत्रीचे लोंबते कान होते! पुढे त्या कानांचीच कर्णभूषणं झाली. 1932मध्ये कॅब कॅलोवे या जॅझ गायकाचं नृत्य रोटोस्कोपने गिरवून तो पडद्यावर चक्क भुताच्या रूपात नाचला. ही कार्टून्स पाहताना वाटतं, न्यूयॉर्कची रात्र शाईत बुडवून काढली आहे. 1934मध्ये चित्रपटांची आचारसंहिता काटेकोर झाली, बेटीचा झगा खाली सरकला, गळा वर चढला, आणि ती एक सोज्ज्वळ गृहिणी होऊन बसली. मजाच गेली.

तोवर पोपाय हा खलाशी आला होता. 1933चं त्याचं पहिलं कार्टून बेटी बूपच्या मालिकेतच निघालं. तुम्ही कधी ऐकलं असेल, तो सतत तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतो आणि ओठ मात्र हलत नाहीत. कारण साधं आहे. डिस्नेकडे आवाज आधी मुद्रित होई, इथे चित्रं पूर्ण झाल्यावर. पोपायला आवाज देणारा जॅक मर्सर माईकसमोर उभा राहून पडद्याकडे बघत मनाला येईल ते बडबडायचा. चित्रात नसलेला विनोद असा आवाजातून आला. कामाच्या पद्धतीतल्या उणिवेतून शैली तयार झाली, याचं याहून छान उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता जरा अवघड भाग. न्यूयॉर्कमधल्या 1600 ब्रॉडवेवरच्या स्टुडिओच्या इमारतीत दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारे, शाई फिरवणारे, रंग भरणारे असे कितीतरी तरुण तुटपुंज्या पगारावर तासन्‌तास बसलेले असत. 1937च्या मेमध्ये संप झाला आणि तो पाच महिने चालला. बाहेर फलक, घोषणा, आणि पोपायच्याच गाण्याची युनियनवाली आवृत्ती. मॅक्सला हे मनाला लागलं. तो स्वतःला घरातला वडीलधारा समजत होता. वडीलधाऱ्यांना पगाराचा विषय आवडत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

संप मिटला, पण 1938मध्ये स्टुडिओ मायामीला हलला, जिथे युनियनचा जोर नव्हता. इथेच खरी चूक झाली असं माझं मत आहे. डिस्नेच्या हिमगौरीच्या यशानंतर, यांची कार्टून्स वितरित करणाऱ्या पॅरामाउंट कंपनीला पूर्ण लांबीचं कार्टून हवं होतं, म्हणून 1939च्या डिसेंबरात गलिव्हर आला. तो बरा चालला. पण युद्धामुळे युरोपचा बाजार बंद झाला होता. किड्यांच्या दुनियेवरचा दुसरा मोठा चित्रपट 1941मध्ये, पर्ल हार्बरच्या सुमारास आला आणि बुडाला. त्याच वर्षी निघालेला सुपरमॅन मात्र अप्रतिम आहे, त्यातल्या सावल्या एकदा जरूर बघा. पण तोवर कर्जापायी स्टुडिओ पॅरामाउंटच्या हातात गेला होता, आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलतही नव्हते. दोघेही बाहेर पडले. 1942मध्ये स्टुडिओचं नावही बदललं.

मॅक्सचा मुलगा रिचर्ड दिग्दर्शक झाला. समुद्राखालच्या पाणबुडीवरचा एक मोठा चित्रपट करायला त्याला बोलावणं आलं, तेही डिस्नेकडून. त्याने आधी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, जरूर कर. पुढे डिस्नेने मॅक्सलाही आपल्या स्टुडिओत जेवायला बोलावलं. त्या टेबलाभोवती बसलेल्यांत बरेच जण एकेकाळी मॅक्सकडेच कामाला होते.