नवव्या डावाचा राखणदार

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या खेळाडूविषयी आज बोलायचे आहे, त्याचे काम काय असते हे आधी सांगायला हवे, कारण बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. सामना नऊ डावांचा असतो. सुरुवातीचा पिचर पाच-सहा डाव चेंडू टाकून थकला की त्याच्या जागी जे येतात ते रिलीफ पिचर. त्यांतला जो अगदी शेवटी, संघ साधारणपणे एक ते तीन धावांनी पुढे असताना मैदानात उतरतो आणि ती आघाडी न गमावता सामना संपवतो, त्याच्या खात्यावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. विजय मात्र दुसऱ्याच पिचरच्या नावे लिहिला जातो. दक्षिण कोरियाच्या ओ सुंग-ह्वान या पिचरने वीस वर्षे हेच काम केले आणि कोरिया, जपान व अमेरिका या तीन देशांत मिळून ५४९ सेव्ह मिळवले.

त्यांचा जन्म १९८२ चा. शाळकरी वयातच कोपर दुखावल्यामुळे त्या वेळी एकाही व्यावसायिक संघाने त्यांना घेतले नाही. डांकुक विद्यापीठात असताना कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि २००५ मध्ये ते देगू शहराच्या सॅमसंग लायन्स संघात दाखल झाले. पहिल्याच वर्षी ते सर्वोत्तम नवोदित ठरले, शिवाय अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूही. पुढच्या वर्षी त्यांनी ४७ सेव्ह मिळवले. तोवर आशियातल्या कोणत्याही लीगमध्ये एका हंगामात इतके सेव्ह कोणाला साधले नव्हते.

घरच्या मैदानावर त्यांच्या आगमनाआधी घंटेचे ठोके वाजत आणि प्रतिस्पर्धी संघाचे समर्थकसुद्धा समजून जात की आता सामना संपत आला. समोर कितीही मोठा बॅटर असो, चेहऱ्यावरची रेषा हलत नसे, म्हणून लोकांनी त्यांना ‘दगडी बुद्ध’ म्हटले. त्यांच्या सरळ, वेगवान चेंडूलाही ‘दगडी चेंडू’ असेच नाव पडले. पुढे कोरियन बोलीत आडपडदा न ठेवता तोंडावर बोलण्यालाही हाच शब्द रूढ झाला. खेळाडूंचे विक्रम मोडतात, बोलीत शिरलेला शब्द सहसा टिकतो. मला स्वतःला हा मान ५४९ या आकड्याहून मोठा वाटतो.

२००९ आणि २०१० ही वर्षे खांदा आणि कोपर यांच्या दुखण्यात गेली. २०१० मध्ये तर अवघे चार सेव्ह मिळाले. आता हा संपला, असे वाटण्याजोगीच ती वेळ होती. पण २०११ मध्ये त्यांनी पुन्हा नेमके ४७ सेव्ह मिळवले, आणि तेही दर नऊ डावांमागे सरासरी एक धावसुद्धा न देता.

२०१४ मध्ये ते जपानच्या हानशिन टायगर्स संघात गेले. तिथल्या दोन हंगामांत ८० सेव्ह झाले आणि दोन्ही वर्षी ते आपल्या लीगमध्ये अव्वल राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस कार्डिनल्सने घेतले तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते आणि शेवटच्या डावाची जागा दुसऱ्या पिचरकडे होती. हंगामाच्या मध्यास ती त्यांच्याकडे आली. त्या वर्षी त्यांनी १९ सेव्ह मिळवले आणि १०३ बॅटर स्ट्राइकआऊट केले, म्हणजे चेंडू मैदानात टोलवू न देताच बाद केले.

या कारकिर्दीला एक डागही आहे. परदेशी कॅसिनोत जुगार खेळणे कोरियन नागरिकांना कायद्याने मना आहे. मकाऊमधील जुगाराबद्दल त्यांना दंड झाला, आणि कोरियन लीगने मायदेशी परतल्यावर लागू होईल अशी अर्ध्या हंगामाची, म्हणजे ७२ सामन्यांची, बंदी घातली. २०१९ मध्ये ते सॅमसंगकडे परतले, ती बंदी भोगली आणि २०२० मध्ये मैदानात उतरले. २०२१ मध्ये, एकोणचाळीसाव्या वर्षी, ४४ सेव्हसह ते पुन्हा लीगमध्ये पहिले आले. चेंडूचा वेग पूर्वीचा राहिला नव्हता. ती उणीव कुठे काय टाकायचे या जाणतेपणाने भरून निघाली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि संघाने त्यांचा २१ हा क्रमांकही यापुढे कोणाला न देण्याचे ठरवले. ३० सप्टेंबरला देगूमध्ये निरोपाचा सामना झाला. नवव्या डावात घंटा वाजली आणि ते एकाच बॅटरपुरते आले. समोर चोई ह्योंग-वू उभे होते, एके काळचे सॅमसंगमधले सहकारी, त्या वेळी किया टायगर्सचे. ओ यांनी त्यांना स्ट्राइकआऊट केले. त्या रात्री त्यांच्या खात्यावर सेव्ह लागला नाही. आकडा ५४९ वरच राहिला.