पाठीतल्या तारेची वही

(दृश्य: खानापूर तालुक्यातील एका घराची पडवी. संध्याकाळ.)

पडवीतल्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी कमरेला पट्टा बांधला आहे आणि त्यातील चकती ते बोटाने किंचित खाली, पुन्हा जराशी डावीकडे सरकवून पाहत आहेत, कारण पाठीतल्या वेदना कमी करणाऱ्या यंत्राच्या कातडीखालच्या बॅटरीवर चार्जरची ही चकती नेमकी बसली नाही तर चार्जिंग रेंगाळते. चकती जागेवर बसल्याची खूण दिसली की ते शेजारची वही उघडतात. वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे बॅटरी तळाला जाईपर्यंत ते थांबत नाहीत. पूर्ण उतरून दीर्घकाळ तशीच राहिलेली बॅटरी घरच्या चार्जरला दाद देईलच असे नाही.

मणक्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतरही डाव्या पायातील आग थांबेना, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर विद्युतस्पंद देणारी एक बारीक तार बसवण्यात आली. त्याआधी आठवडाभर तात्पुरती तार घालून वेदना निम्म्याने तरी कमी होते का, हे पाहिले गेले होते. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक प्रकारचे दार लागते आणि इतर संवेदनांच्या जोरावर ते बंद करता येते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, अमेरिकेतील शल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी अशा प्रकारचे पहिले यंत्र रुग्णाच्या शरीरात बसवले.

तार बसली म्हणजे काम झाले, असा समज रुग्णाच्या घरात असतो आणि कधीकधी रुग्णालयातही असतो. प्रत्यक्षात काही रुग्णांना वर्ष-दोन वर्षांनी आराम ओसरत चालल्याचे जाणवते, आणि त्यामागचे कारण दर वेळी एकच नसते. तार मूळ जागेवरून काही मिलिमीटर सरकलेली असू शकते. तिच्याभोवती व्रणाची जाड ऊती तयार झालेली असू शकते. किंवा सगळे जागच्या जागी असूनही मज्जासंस्थेला त्याच त्या स्पंदांची सवय झालेली असू शकते. पहिल्या कारणाचा धोका सुरुवातीच्या सहा ते आठ आठवड्यांत सर्वाधिक असतो. त्या काळात वाकणे, कंबर पिळणे, हात डोक्यावर नेऊन ओढणे टाळायचे असते. खानापूरच्या पावसात, रोपलावणीच्या दिवसांत, बांधावर नुसते उभे राहा असे शेतकऱ्याला सांगणे सोपे नाही. मास्तर उभे राहिले. चिखलात उतरले नाहीत, एवढेच.

(दृश्य: वहीचे पान, जवळून.)

या वहीत शब्द मोजके आहेत, पण नेमके आहेत. 'भगभग, पोटरी, रात्री.' 'चमक, टाचेपर्यंत.' 'ठणका, गुडघा, चालताना.' यंत्राची जुळवणी करणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलताना हे सारे शब्द इंग्रजीतल्या एकाच शब्दात कोंबले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. सीमाभागात तर वेदना तीन भाषांतून प्रवास करते: घरात भगभग म्हणतात, तालुक्याच्या दवाखान्यात कन्नडमध्ये तिची 'उरी' होते, मुंग्यांचा 'जोमू' होतो, आणि संगणकावर उरतो तो शून्य ते दहामधला एक आकडा. वास्तविक भगभग आणि चमक ही बिघडलेल्या मज्जातंतूंची लक्षणे आहेत व या यंत्राचा उपयोग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. झिजलेल्या गुडघ्याचा ठणका हे यंत्र सहसा थांबवू शकत नाही. मागच्या वर्षी मास्तरांना वाटले की यंत्र बंद पडले. वही वाचून कळले की भगभग पूर्वीइतकीच कमी होती; वाढला होता तो गुडघ्याचा ठणका.

वहीत आणखी एक गोष्ट वारंवार येते: 'आडवे झाल्यावर करंट जोरात.' उताणे झोपल्यावर मज्जारज्जू पाठीच्या बाजूला, म्हणजे तारेच्या जवळ, सरकतो आणि मधला द्रवाचा थर पातळ होतो, त्यामुळे तोच करंट जास्त जोराने जाणवतो. उभे राहिल्यावर उलट घडते. म्हणून यंत्रात झोपण्याचा आणि चालण्याचा असे करंटचे वेगळे कार्यक्रम ठेवतात. काही नव्या यंत्रांत तर मज्जारज्जूने दिलेला प्रतिसाद मोजून करंट आपोआप कमीजास्त होतो.

आराम कमी झाला की तपासणीचा क्रम पाळलेला बरा. आधी बॅटरी आणि तारेचा विद्युतरोध पाहावा; तो अवाजवी वाढला असेल तर तार तुटल्याची किंवा जोड सुटल्याची शक्यता असते. मग एक्स-रे काढून तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेशी ताडून पाहावा. तो पहिला एक्स-रे मास्तरांच्या पत्नीने लोखंडी ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली जपून ठेवला आहे, आणि आमच्या मते या घरातला तो सर्वात मोलाचा कागद आहे. हे सर्व ठीक निघाले तरच स्पंदांची पद्धत बदलतात: सेकंदाला 40 ते 60 स्पंदांच्या जुन्या पद्धतीऐवजी, यंत्रात सोय असल्यास, स्पंदांचे झुबके देतात, किंवा सेकंदाला 10,000 स्पंदांची पद्धत वापरतात, जिच्यात मुंग्याही जाणवत नाहीत. कधी डॉक्टरांच्या सल्ल्याने यंत्र काही दिवस बंद ठेवतात, म्हणजे सवय मोडून यंत्र पुन्हा उपयोगी पडते का हे कळते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. गुडघ्याला शेक घ्यायला मास्तर गेले असता त्यांना शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर शेक देणाऱ्या, यंत्राखाली बसवण्यात येत होते. त्यातील ऊर्जा तारेवाटे आत जाऊन मज्जारज्जूला गंभीर इजा करू शकते, म्हणून पाठीत असे तारेचे यंत्र असलेल्याने ती डायथर्मी कधीही घ्यायची नसते. मास्तरांनी शरीरात यंत्र असल्याचे खिशातले कार्ड काढून दाखवले आणि ते उठले.

(दृश्य: बेळगावातील तपासणी कक्ष.)

आज तंत्रज्ञाने वही मागून घेतली आहे. मराठी अक्षरे तो सावकाश जुळवत वाचतो, 'भगभग'वर अडतो आणि विचारतो, "मास्तर, उरी म्हणजे हीच ना?" मास्तर मान डोलावतात. दोन दिवस यंत्र बंद ठेवून नवा कार्यक्रम सुरू करण्याचे ठरते, आणि मास्तर पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घालून पट्टीने रेघा आखू लागतात.