चिंचोक्याचं टरफल आणि दाबाखालचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. चिंच फोडून झाली की चिंचोके बाजूला पडतात. आतला गर पिठीसाठी, खळीसाठी विकला जातो. वरचं तांबूस टरफल मात्र बहुतेकदा वाया जातं, आणि चिंचोक्याच्या वजनात त्याचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्श्याचा. या टरफलात टॅनिनच्या, म्हणजे तुरट द्रव्यांच्या, कुळातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं भरपूर असतात, तेलाला खवट होऊ न देणारी. ती काढायला एरवी मिथेनॉल नाहीतर ॲसिटोन ही रसायनं वापरतात. पण साध्या पाण्यानंही ती निघतात. अट एकच: पाणी १०० अंशांच्या वर तापलं पाहिजे आणि तरी त्याची वाफ होता कामा नये.

हे जमतं दाबामुळे. नीट ऐका, दाब पाण्याला तापवत नाही. तापवते आच. दाब फक्त वाफ होऊ देत नाही.

ही युक्ती पहिल्यांदा भांड्यात बसवली देनी पापँ या फ्रेंच माणसानं. १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्यानं घट्ट झाकणाचं जाड भांडं ठेवलं. झाकणावर वजन लावलेली दांडी होती. आत दाब फार वाढला की दांडी उचलायची आणि वाफ निसटायची. आपल्या कुकरची शिट्टी ती हीच. आतली उष्णता किती हे कळायला पापँनं झाकणावर छोटा खळगा ठेवला होता. त्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि लंबकाच्या झोक्यांवर मोजायचं, थेंब किती वेळात उडतो ते. थेंब लवकर उडाला तर आत उष्णता जास्त. शाळेत दाब शिकवताना आधी हा थेंब दाखवावा आणि मग सूत्र लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या मंडळींना जेवण मिळालं, ते सगळं याच भांड्यांत शिजलेलं. जॉन एव्हलिन हा इंग्रज लेखक त्या पंगतीत होता, त्यानं रोजनिशीत सगळं टिपून ठेवलंय. बैलाची, मेंढराची कडक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. माशाचे काटेही सहज खाता आले. कबुतरं स्वतःच्याच रसात शिजलेली. आणि कोळसा लागला आठ औंसांहून कमी, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही! मंडळी खूश झाली. हाडांतून निघालेल्या रसाची जेली एव्हलिननं पेलाभर घरी बायकोसाठी पाठवली. हाडात अडकलेलं द्रव्य कुठलंही रसायन न घालता बाहेर आलं होतं. आज बियांच्या टरफलावर चालतं ते काम याच जातीचं आहे.

कारण पाणी जसं तापतं तशी त्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल होते. २०० अंशांच्या आसपास त्याची विरघळवण्याची वृत्ती बरीचशी मिथेनॉलकडे झुकते. टरफलासाठी मात्र १२० ते १५० अंश पुरे. १५० अंशांना पाणी पाणीच राहायला जेमतेम पाच बार दाब लागतो; एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. प्रयोगशाळेत पन्नास ठेवतात, म्हणजे पंप थोडा हलला तरी वाफ होत नाही.

आता प्रयोगशाळेतली कृती. चिंचोके मंद आचेवर भाजा, टरफलाला तडे गेले की लगेच उतरवा, करपवू नका. खलबत्त्यात फोडा, सुपात पाखडा. गर अजिबात राहू देऊ नका. मागावरच्या सुताला ताठ करणारी खळ त्या गराचीच. गरम पाण्यात ती फुगते, गाळणीची जाळी बुजते आणि मागे दाब चढत जातो. टरफल रव्याइतकं दळा. पिठासारखं बारीक केलंत तर ते नळीत थापून बसतं. स्वच्छ वाळू मिसळून स्टीलच्या नळीत भरा. एक भाग टरफलाला वीस भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं. पाणी आधी उकळून घ्या, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. आणि अर्क दाबाखालीच थंड करा. पुन्हा सांगतो, आधी थंड, मग दाब सोडा. उलट केलंत तर उकळता अर्क वाफेसकट बाहेर उसळतो.

१८० अंशांच्या वर गेलात तर करपल्या साखरेचा वास येतो, रंग गडद होतो आणि अँटिऑक्सिडंट मोजायच्या चाचणीतला आकडा वाढतो. या आकड्यावर भुलू नका. साखर आणि प्रथिनं करपून झालेली द्रव्यंसुद्धा त्या चाचणीत अँटिऑक्सिडंट म्हणून मोजली जातात. डब्यांवर मोठ्ठे आकडे छापून पावडरी विकणाऱ्यांना हे विचारायला हवं. खरं काय निघालं ते एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, पाहावं.

घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला साधारण १२० अंश मिळतात. स्टीलच्या डब्यात वीस ग्रॅम टरफल, चारशे मिली पाणी. लोखंडी भांडं नको, टॅनिन लोखंडाला लागलं की अर्क शाईसारखा काळा पडतो. बोअरचं जड पाणीही टाळा. शिट्टीवर जादा वजन चुकूनही ठेवू नका. अर्क पिऊ नका, टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हवं तर सुती कापडाचा तुकडा त्यात रंगवून पाहा.



आपल्या डाळिंबाच्या बियांना हीच रीत चालते. फक्त त्यांत तेल असतं, ते आधी घाणीवर काढून घ्या. नाहीतर अर्कावर तवंग येतो आणि गाळणी चिकटते. तयार अर्क फ्रीजमध्ये, गडद बाटलीत ठेवा.