यादी कोणी केली?

हे तुर्भे, एपीएमसीचं दाणा मार्केट. कोकणात कुठे पूर आला, दरड कोसळली की नवी मुंबईतली बरीचशी मदत इथूनच निघते, कारण तांदूळ, डाळ, साखर सगळं होलसेलमध्ये एका जागी मिळतं, माथाडी भाऊ पटापट टेम्पो भरून देतात आणि टेम्पो पनवेलवरून सरळ गोवा हायवेला लागतो.

2021 च्या जुलैत आम्हीपण इथूनच निघालो होतो. आम्ही म्हणजे नेरूळच्या चार-पाच सोसायट्या. महाडमध्ये पाणी भरल्याचे व्हिडिओ यायला लागले, एका रात्रीत व्हॉट्सअ‍ॅपवर यादी झाली, पैसे जमले, दोनशे किट बांधले. तांदूळ, आटा, तूरडाळ, तेल, नूडल्स, बिस्किटं, साबण. जुन्या कपड्यांच्या गोण्या वेगळ्या. बॅनर वेगळा.

महाडात ज्या गल्लीत उतरलो तिथे गुडघाभर चिखल होता आणि भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. एक आजी दारात बसून घरातला चिखल काढत होत्या, स्टीलच्या ताटाने. जेवायच्या ताटाने. मी किट पुढे केलं, त्यांनी पिशवीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळा, ह्या नूडल्स शिजवू कशावर रे? सिलेंडर गेला वाहून. फावडं आणलंयस काय? घमेलं तरी?"

नव्हतं आणलं. दोनशे घरांसाठी टेम्पोत एकही फावडं नव्हतं, कारण निघायच्या आधी महाडमधल्या एकाही माणसाला आम्ही फोन केला नव्हता. काय लागेल हे आम्हाला माहीतच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

जगभरातल्या मदतकार्यात हल्ली एक शब्द सारखा ऐकू येतो, डीकोलोनियल. साध्या भाषेत सांगायचं तर वसाहतीच्या काळात बसलेली सवय मोडायची, म्हणजे वरच्याने ठरवायचं आणि खालच्याने हात पसरायचा ही सवय. तो शब्द जिनिव्हा-लंडनचा वाटतो, पण ही सवय आपल्याकडे कशी आली ते बघायला लांब जायची गरज नाही.

1876 ते 78 चा दुष्काळ. दख्खन करपून गेलेलं. इंग्रज सरकारने रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी पाठवला तो खर्च आवरायला, आणि त्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी ठरवली दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलासुद्धा कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. त्यामागचा विचार नीट समजून घ्या. काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी कमी ठेवायची की खरोखर उपाशी असेल तोच येईल. म्हणजे भुकेल्या माणसाची आधी परीक्षा घ्यायची, तो खोटं बोलतोय असं धरूनच सुरुवात करायची. मुंबई इलाख्यातले मजूर हजारोंनी ही कामं सोडून गेले, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा गावागावातून दुष्काळाची माहिती गोळा करत होती, आणि सावित्रीबाईंनी एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सत्यशोधक मंडळी समित्या करून लोकांना सांभाळतायत असं आहे. म्हणजे आपल्या माणसांना आपण कसं धरून ठेवायचं हे लोकांना तेव्हाही येत होतं, सरकारने त्यांना विचारलं नाही एवढंच.

आता आमच्या रांगेकडे बघा. आधार कार्ड दाखवा, रेशन कार्ड दाखवा, अंगठा द्या, एका घरात एकच, बॅनरसमोर उभे राहा, फोटो. आपण कोणी इंग्रज नाही, आपल्या मनात दयाच असते, पण समोरचा फसवेल हा जो संशय आहे ना, तो टेंपलच्याच घरचा आहे.

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय अशी माणसं आपल्या घरात अजून आहेत. माझी आजी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोबद्दल, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीबद्दल सांगायची, भाकरी थापताना तुटायची, तोंडात फिरायची, पण दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ली. तेही ताटात काय वाढायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं. पण त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट उभी राहिली, रोजगार हमी. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली, 1977 मध्ये कायदा झालेली. खडी तीच, रस्ता तोच, पण आता काम मागणं हा माणसाचा हक्क झाला आणि ते देणं ही सरकारची जबाबदारी. अंमलबजावणीत शंभर भानगडी झाल्या, मान्य, तरी परीक्षा देणारा माणूस मागणी करणारा झाला हा फरक मला फार मोठा वाटतो.

वरच्या पातळीवर काय चाललंय ते थोडक्यात. 2016 मध्ये इस्तंबूलला मदतकार्यावर झालेल्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं की 2020 पर्यंत मदतीचा 25 टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. 2020 आलं आणि गेलं, थेट पोचणारा वाटा एकेरी टक्क्यांतच राहिला. आपल्याकडे 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा बदलला, त्यामुळे परदेशी निधी घेणारी मोठी संस्था आता तो पैसा पुढे छोट्या संस्थेला देऊ शकत नाही. वाडीवस्तीवर काम करणाऱ्या छोट्या गटांचा तो एक रस्ता होता, तो बंद झाला.

मग आम्ही काय केलं? महाडहून आल्यावर दोन महिने भांडलो. शेवटी ठरलं की यादी आपण करायची नाही. रायगडातल्या काही वाड्यांशी पावसाळ्याच्या आधीच ओळख करून ठेवायची, पैसे थेट तिथल्या बचत गटाच्या खात्यावर टाकायचे, काय घ्यायचं ते बायांनी ठरवायचं आणि शक्यतो तिथल्याच बाजारात घ्यायचं, कारण पुरात तिथल्या किराणावाल्याचंही दुकान बुडालेलं असतं, आपण तुर्भ्याहून टेम्पो भरून नेला की त्याचं उरलंसुरलं गिऱ्हाईकसुद्धा जातं. हिशोब समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहायचा, गावाला दिसेल असा. आम्हाला त्याचा एक फोटो आला तरी बास.

पहिल्याच वेळी चुकलो. मीटिंग झाली, यादी आली, सगळे खूश, आणि महिन्याने कळलं की ओढ्यापलीकडच्या कातकरी घरांना त्या मीटिंगचा निरोपच गेला नव्हता. ज्यांची छपरं सगळ्यात आधी उडतात तीच घरं यादीत नाहीत. स्थानिक लोक म्हटलं की सगळे एकसारखे असतात असं आम्ही शहरात बसून धरलं होतं, आणि गावात जात असते, पाटलाचं घर असतं, ओढा असतो. ह्याला सोपं उत्तर नाही. आता आम्ही कातकरी वाडीत वेगळे जाऊन बसतो, त्यांची यादी वेगळी घेतो, त्यावरून गावात कुरबूर होते, ती ऐकून घेतो.

दुसरा मुद्दा पगाराचा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. मी आधी एका संस्थेत कामाला होते, तिथे शहरातून जाणारी ती कोऑर्डिनेटर, तिला पगार, गाडी, विमा. आणि वाडीतली जी मुलगी घरोघर चिखलातून फिरून माहिती आणते ती स्वयंसेवक, तिला दिवसाचा भत्ता. खरी माहिती तिची, रिपोर्टवर नाव माझं, रिपोर्ट इंग्रजीत, म्हणजे तिने गोळा केलेलं तिलाच वाचता येणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये आता कामाचे पैसे आधी तिला, आणि रिपोर्ट मराठीत. ह्यामुळे एक मोठा देणगीदार गेला. गेला तर गेला.

काहींना अजूनही वाईट वाटतं की आम्हाला पोरांना घेऊन वाटपाला जाता येत नाही, पोरांवर संस्कार कसे होणार. मी त्यांना महाडच्या आजींचं ताट सांगते.

हा ह्याच जूनमधला फोन, रेकॉर्ड करायला परवानगी घेतली होती. बचत गटाच्या ताई यादी सांगतायत, मी सीवूड्स स्टेशनवर उभी राहून वहीत लिहून घेतेय. ताडपत्री चाळीस, नायलॉनची दोरी दोन बंडल, टॉर्च, फावडी सहा, घमेली बारा, क्लोरीनच्या गोळ्या. तांदूळ नको, आहे. कपडे तर अजिबात नको. मग त्यांनी मला विचारलं, ताई, तुमच्याकडे पण पाणी भरतं ना हो, टीव्हीवर बघतो आम्ही. मी सांगितलं, हो, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की आमची जमीन खाडीच्या पाण्यापेक्षा खाली राहते, ते पाणी साठवून ठेवायला सिडकोने धारण तलाव बांधलेत पण ते गाळाने भरलेत.

"मग भरलं पाणी तर फोन करा," त्या म्हणाल्या, "आमची पोरं येतील दोऱ्या घेऊन. काय काय लागेल ते मात्र आधी सांगा."